दारं मोजायला शिका

महाराष्ट्रात राजूर नावाची गावं एकाहून जास्त आहेत. एक अकोले तालुक्यात, एक जालना जिल्ह्यातलं गणपतीचं आणि एक यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ, कोळशाच्या खाणीचं नि चुनाभट्ट्यांचं. पाकिटावर नुसतं 'राजूर' लिहून चालत नाही. तालुका आणि पिनकोड लागतोच.

आपल्या संस्थांच्या ऑनलाइन कागदांचं आज असंच झालं आहे. लॉकडाऊनमध्ये शाळा, ट्रस्ट, तरुण मंडळं घाईघाईने क्लाउडवर गेली. कुणी गुगल ड्राइव्ह घेतला, कुणी मायक्रोसॉफ्टचं टीम्स आणि शेअरपॉइंट. टीम्समध्ये एक टीम उघडली की तिच्यामागे शेअरपॉइंटची एक साइट आपोआप तयार होते. त्यात खाजगी चॅनेल काढलं की आणखी एक वेगळी साइट तयार होते. प्रत्येक वर्गाला, समितीला, शिबिराला एक टीम असं करत गेलं की आकडा कधी फुगला ते कळत नाही. मग पदाधिकारी बदलतात, 'शिष्यवृत्ती' नावाच्या चार साइट उरतात आणि त्यातली चालू कोणती हे कुणालाच सांगता येत नाही.

त्या साइटवर काय असतं? मुलींचे अर्ज, फोटो, आधारच्या प्रती, उत्पन्नाचे दाखले, आजारपणाच्या मदतीसाठी लिहिलेली पत्रं, घरातल्या वादात सल्ला मागायला आलेल्या बाईची हकिगत. लोकांनी हे सगळं आपल्यावर भरवसा ठेवून दिलेलं असतं. आपल्याकडे यासाठी एक जुना, वजनदार शब्द आहे: अमानत. आपल्याकडे ठेवलेली अमानत नेमकी कुठे आहे हेच आपल्याला ठाऊक नसेल, तर ती सांभाळतो असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नवं अॅप, नवं संकेतस्थळ काढण्याआधी संस्थेतल्या दोन तरुणांनी बसून आपल्या सगळ्या साइटची यादी काढावी, आणि ती हाताने नव्हे तर स्क्रिप्टने काढावी. शेअरपॉइंटसाठी पॉवरशेल हे साधन आहे. शेअरपॉइंट अॅडमिनचा अधिकार असलेल्या खात्याने जोडणी करून 'गेट-एसपीओसाइट' हा आदेश दिला की साइटचं नाव, पत्ता, मालक, शेवटचा बदल अशी माहिती ओळीने मिळते. ती सीएसव्ही फाइलमध्ये उतरवता येते. पडद्यावर बघून केलेली यादी बघणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून असते. स्क्रिप्ट मात्र दर महिन्याला तेच काम त्याच पद्धतीने करते. दोन महिन्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या की नवं काय उघडलं आणि काय गेलं हे लगेच कळतं.

पण स्क्रिप्ट चालली म्हणजे यादी पूर्ण झाली असं समजू नका. हा आदेश आपणहून पहिल्या 200 साइटच देतो. सगळ्या हव्या असतील तर 'लिमिट ऑल' असं सांगावं लागतं. सभासदांच्या वनड्राइव्ह साइट वेगळ्याने मागाव्या लागतात. काढून टाकलेली साइट 93 दिवस कचरापेटीत असते, ती या यादीत दिसत नाही. काही रकाने सरसकट यादीत नीट भरून येत नाहीत, त्यामुळे संशय असलेल्या साइटची चौकशी एकेक करून करावी. कुठलीही यादी हातात आली की पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: यात कोण सुटलं? नागरिक म्हणूनही ही सवय आपल्या उपयोगी पडेल.

काही जण म्हणतील, यादीचीच तर आम्हाला भीती वाटते. ही भीती खोटी नाही. जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि 1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' या अॅप्सनी मुस्लिम स्त्रियांचे सार्वजनिक फोटो गोळा करून त्यांच्या 'लिलावा'ची यादी मांडली होती. मुंबई पोलिसांनी दुसऱ्या प्रकरणात अटकाही केल्या. पण यातून शिकायचं काय? आपली उघडी दारं द्वेष करणारे मोजतच असतात. आपण मोजली नाहीत तर नुकसान आपलंच होतं. 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडणारा अर्जांचा फोल्डर आधी आपल्याला सापडायला हवा. आणि आपली यादीही अमानतच आहे. ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवायची नसते.

वक्फचा ताजा धडा समोर आहे. 2025 च्या दुरुस्ती कायद्यानंतर 6 जूनला उमीद पोर्टल सुरू झालं आणि मालमत्तांची माहिती भरायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्या कायद्याबद्दल आपली मतं तीव्र आहेत, असायलाही हवीत. पण कागद कुठल्या पेटीत आहेत हेच माहीत नसेल, तर सहा महिने काय आणि सहा वर्षं काय, सारखीच. न्याय मागायला जातानाही आपली यादी आपल्या हातात हवी.

राजूरसारख्या गावातल्या मंडळाकडे शेअरपॉइंट नसेल, चार ड्राइव्ह फोल्डर असतील. तिथे वहीत पाच रकाने पुरेत: नाव, पत्ता, मालक, कुणाला उघडतं, शेवटचं कधी वापरलं. फक्त नाव लिहू नका, पूर्ण पत्ता लिहा. चाव्या एकाच माणसाच्या मोबाइलवर ठेवू नका, किमान दोघांकडे द्या. वार्षिक सभेत जमाखर्चासोबत साइट किती आणि त्यातल्या बंद किती केल्या, हेही वाचून दाखवा.

हे काम एका रविवारचं आहे. येत्या रविवारी बसा.