विकायचीच तर बत्ती म्हणून विका

दिवाळीच्या तोंडावर घरांचे माळे साफ होतात, आणि आमच्या किनाऱ्यावर माळा साफ होऊ लागला की एक जुना वादही खाली उतरतो: ह्या गॅसबत्त्यांचे करायचे काय? एक पक्ष म्हणतो, विकून टाका. अलिबागच्या बाजूला असल्या वस्तूंना हल्ली चांगले गिऱ्हाईक आहे. दुसरा पक्ष म्हणतो, वाडवडिलांची वस्तू आहे, असू द्या. आमच्या रेवदंड्याच्या घरी पाच बत्त्या आहेत आणि दोन्ही पक्षही आहेत. मी ह्या दोघांच्याही विरुद्ध आहे. एक जण दिव्याला मारतो आणि दुसरा त्याला मरू देतो, एवढाच काय तो त्यांच्यात फरक.

प्रथम वस्तू कोणती, ते पाहू. आपण सरसकट जिला पेट्रोमॅक्स म्हणतो, ते मुळात बर्लिनच्या एहरिख उंड ग्रेट्झ ह्या कारखान्याच्या मालाचे नाव. 1910च्या सुमारास माक्स ग्रेट्झ ह्याने हा दिवा सिद्ध केला आणि पेट्रोलियमला आपले नाव जोडून टाकले. पुढे स्वीडनच्या ऑप्टिमसने, इंग्लंडच्या टिलीने आणि कितीतरी देशी कारखान्यांनी तसल्याच बत्त्या काढल्या. तत्त्व एकच. टाकीत रॉकेल, पंपाने भरलेली हवा, त्या दाबाने वर चढणारे आणि तापलेल्या नळीत वाफ होणारे तेल, निपलाच्या सुईएवढ्या भोकातून सुटणारी ती वाफ, आणि शेवटी जाळी. ही जाळी म्हणजे आउअर फॉन वेल्सबाख ह्या ऑस्ट्रियन रसायनज्ञाची करामत. थोरियम आणि किंचित सेरियम ह्यांच्या क्षारांत भिजवलेले कापड. ते पहिल्यांदा जळून राख होते आणि त्यानंतरच प्रकाश देऊ लागते. 1909 साली त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट सापडले, आणि त्याला त्या काळी मोल होते ते ह्याच थोरियमपायी. म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्याची वाळू जर्मनीला जाऊन, उजेड होऊन आपल्या मांडवात परत येत होती. पाचशे मेणबत्त्यांचा उजेड, आणि एक लिटर तेलात सुमारे आठ तास! चौलच्या दत्ताची जत्रा, आवासच्या नागेश्वराची जत्रा, लग्नाच्या वराती, शिमग्यातल्या पालख्या ह्या उजेडात झाल्या.

आता विकणाऱ्यांकडे वळतो. माझा पुतण्या मला म्हणाला, “काका, विश्रामगृहवाल्याने पाचांचे रोख पैसे सांगितले आहेत. तुम्ही नुसते हो म्हणा.” मी त्या गृहस्थांची जागा पाहून आलो. तिथे ओटीवर सात बत्त्या टांगल्या आहेत. सगळ्यांच्या टाकीला भोक पाडून वायर ओवली आहे आणि जाळीच्या जागी विजेचा दिवा बसवला आहे. पितळेला असा बफ मारला आहे, की निकेलचा मुलामा तर गेलाच, पण टाकीवरचा कारखान्याचा ठसाही पुसला गेला आहे. आणि खाली पाटी: ‘अँटिक’. मला ह्या पाटीचे हसू आले. 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे साधारणपणे शंभर वर्षे झाल्याशिवाय कोणतीही वस्तू पुरावस्तू ठरत नाही. आणि जी ठरते, ती खाजगी माणसाला देशाबाहेर धाडताही येत नाही. म्हणजे वय सांगणारा ठसाच घासून टाकायचा आणि मग वयाचे पैसे मागायचे! बत्ती भंगारात गेली असती तर निदान तिचे पितळ प्रामाणिकपणे पितळ झाले असते. इथे ती बत्तीचे सोंग घेऊन लटकली आहे.

परंतु ‘असू द्या’ म्हणणाऱ्यांनी एवढ्यावर खूश होऊ नये. त्यांची भक्ती मला अधिक महाग वाटते, कारण तिला खर्च काहीच येत नाही. बत्तीचा माळ्यावरचा मुक्काम म्हणजे काय? पंपाचा चामड्याचा वायसर वाळून आकसतो, टाकीत राहिलेल्या तेलाचा चीक होतो, निपल बुजते आणि खारा वारा उरलेले काम करतो. दसऱ्याला तिला झेंडूचे फूल वाहिले म्हणजे ती पेटत नाही. शिवाय ह्या भक्तांच्या आठवणीत एक माणूस कधीच येत नाही. वरातीत तापलेली, धगधगती, फुसफुसणारी बत्ती डोक्यावर घेऊन कोण चालत होते? नवरदेव सर्वांना दिसला; पण बत्तीखालचे डोके, बहुधा एखाद्या गरीब बाईचे किंवा पोराचे, तिच्याच बुडाच्या सावलीत राहिले. तेव्हा ‘काय ते सोन्याचे दिवस’ असा गळा माझ्यासमोर तरी कोणी काढू नये. मला दिवस नको आहेत, मला यंत्र हवे आहे.

कशाला हवे, हा प्रश्न रास्त आहे. सौर दिवा स्वस्त आहे, त्याला धूर नाही, भडका नाही. रेशनच्या रॉकेलावरचे केंद्राचे अनुदानही 2020 साली संपले. हे सगळे मला मान्य आहे. रोजच्या उजेडासाठी बत्ती पेटवा, असे मी वेड्यासारखे सांगणार नाही. पण त्याच 2020 सालच्या 3 जूनला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. वारा ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर, झोत एकशेवीसपर्यंत. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि दक्षिणेकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार राहिला. मोबाइल पहिल्या दिवशीच मुके झाले. आमच्या आळीत त्या वेळी चार घरांच्या माळ्यांवर बत्त्या होत्या. पेटली एकच, ज्या घरी दर दिवाळीला ती उघडून, पुसून, एक रात्र लावण्याची रीत होती त्या घरची. बाकीच्या तिन्ही घरांत वारसा होता, उजेड नव्हता.

माझा मुद्दा नेमका हा आहे. बत्तीची किंमत तिच्या पितळेत नाही आणि वयातही नाही. ती उघडता येते, ह्यात आहे. चार आट्या फिरवल्या की तिचे सगळे पोट समोर येते आणि आजार कुठे आहे ते डोळ्यांना दिसते. ज्या वस्तूंनी आपण आज घर भरले आहे, त्यांतल्या किती वस्तूंविषयी हे म्हणता येईल? दुरुस्ती जाणणारा हात घरातून गेला, की घरही दुरुस्त करण्यापेक्षा विकणे सोपे वाटू लागते. वाडी विकली, विहीर विकली, पडवी विकली, आणि प्रत्येक वेळी कारण एकच सांगितले: “तिकडे आता बघतो कोण?” बत्ती ही त्या यादीतली सर्वांत लहान वस्तू आहे, म्हणूनच नाही म्हणायला तिथून सुरुवात करावी.

तेव्हा पाच बत्त्यांचा माझा निवाडा असा. टाकीत थोडी हवा भरून ती पाण्यात बुडवावी. बुडबुडे आले किंवा पितळेला केसाएवढीही चीर दिसली, तर ती टाकी पुन्हा कधी दाबाखाली घेऊ नये. डाख देऊन काम भागेल, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. आमच्या एका बत्तीची टाकी अशी निघाली. तिचे सुटे भाग बाकीच्यांना लागतील. दोन बत्त्या दुरुस्त करायच्या: नवा वायसर, नवे निपल, नवी जाळी, आणि अंगाला साबणपाण्यापलीकडे काही नाही. जुन्या जाळीतल्या थोरियमला किंचित किरणोत्सर्ग असतो. तिची राख फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. दोन बत्त्या खुशाल विकाव्यात, कारण पाच बत्त्या सांभाळण्याइतके हात आमच्या घरी नाहीत आणि तसे सोंग करण्यात अर्थ नाही.

मात्र विकताना गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारावा: “पेटवणार का?” तो ‘हो’ म्हणाला, तर चार पैसे कमी घ्यावेत आणि हवा कशी भरायची, पिन कशी मारायची, ते त्याला दारातच शिकवावे. ‘टांगणार’ म्हणाला, तर दुप्पट दिले तरी देऊ नये. पुतण्याला हा हिशेब आतबट्ट्याचा वाटतो. वाटू दे. दुरुस्त केलेल्या दोहोंपैकी एक त्याच्याच नावाची आहे, आणि तिचा वायसर त्यानेच बदलायचा आहे.