मासे पाळण्याआधी पाणी पाळा

गेल्या पावसाळ्यात सोयाबीनवरचा चक्रीभुंगा पाहण्यासाठी एका शेतकऱ्याच्या रानात गेलो होतो. काम आटोपल्यावर त्यांनी आग्रहाने चहाला घरी नेले. ओसरीवर बसतो न बसतो तोच घरातल्या आजी म्हणाल्या, "साहेब, पिकाचा रोग वळखता, तसं आमच्या पोरीच्या माशांना काय झालं तेवढं सांगा."

कोपऱ्यात स्टुलावर काचेची टाकी होती. पाणी आरशासारखे स्वच्छ. त्यात एकच सोनेरी मासा वर येऊन तोंड उघडमिट करीत होता. मुलगी सहावीत पहिली आली म्हणून मामाने आठ दिवसांपूर्वी तालुक्याहून टाकी आणि बारा मासे आणून दिले होते. तिसऱ्या दिवशी एक मासा उलटा झाला, मग रोज दोन-तीन. वडिलांनी रोज सगळे पाणी ओतून नवे भरले, तरी मरणे थांबेना. आजींनी निकाल देऊन टाकला होता, "जीव मारायचं पाप घरात नको. टाकी उद्या धान्याला काढा."

मुलगी खांबाआड उभी होती. हळूच म्हणाली, "मी रोज तीनदा खायला घालत होते, काका. कमी पडलं का?"

बंधू-भगिनींनो, कमी पडले नव्हते, जास्त झाले होते. पण चूक तिची नव्हती. टाकी विकणाऱ्याने तिला मुख्य गोष्ट सांगितलीच नव्हती. ती आज सांगतो, कारण हल्ली पुष्कळ घरांत मुलांच्या हट्टाने अशी टाकी येते आणि पंधरा दिवसांत रिकामी होते.

पाण्याचा कस

आपण शेतात युरिया टाकतो. त्याचा आधी अमोनिया होतो, मग मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि पीक ते उचलते. हेच चक्र टाकीत चालते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, उरलेले खाद्य कुजून त्यात भर घालते. अमोनिया हे माशाला विष. जुन्या तळ्यात जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते, नायट्रेट मात्र थोडे असेल तर मासा सहन करतो.

नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाळूवर, काचेवर आणि स्पंजवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी दिसायला स्वच्छ, पण आत विष साठत जाते. त्यात एकदम बारा मासे सोडले आणि दिवसातून तीनदा खाद्य घातले, तर दुसरे काय होणार? नांगरट नाही, शेणखत नाही आणि पहिल्याच दिवशी दाट पेरणी, असा तो प्रकार झाला.

म्हणून टाकी मांडली की वाळू आणि पाणी भरून हवेचा पंप चालू ठेवावा. रोज चिमटीच्या टोकावर मावेल एवढेच खाद्य टाकावे, मासे सोडू नयेत. महिन्याने तीन-चार मासे सोडावेत, ते ठीक राहिले तर पंधरा दिवसांनी आणखी. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला वापरलेला स्पंज ओलाच आणून आपल्या टाकीत ठेवावा. दुधाला विरजण लावावे तसे हे काम लवकर होते.

टाकी घरी बनवताना

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी सुरुवातीला पुरे. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेचे ६० बाय ३० सेंटिमीटरचे तीन तुकडे (तळ, पुढची आणि मागची बाजू) आणि २९ बाय ३० चे दोन तुकडे कापून, कडा घासून आणावेत. मत्स्यटाकीसाठी म्हणून मिळणारे सिलिकॉनच वापरावे. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांना घातक आहे. जोड चिकटपट्टीने बांधून, आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत चांगले आठवडाभर वाळू द्यावेत. मग अंगणात सपाट जागी पाणी भरून दोन दिवस गळती पाहावी आणि ते पाणी ओतून द्यावे.

भरलेली टाकी पन्नास-पंचावन्न किलोच्या वर जाते. डुगडुगते स्टूल चालणार नाही. मजबूत ओट्यावर थर्माकोलचा तुकडा अंथरून त्यावर ठेवावी. खिडकीचे ऊन लागले की पाणी हिरवे होते आणि उन्हाळ्यात तापते, म्हणून सावलीची भिंत निवडावी. गोल काचेचा वाडगा मात्र घेऊच नये. त्यात पाणी थोडे आणि वाढणारा सोनेरी मासा त्यात कोंडतो.

वाळूऐवजी ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक खडी बरी. पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. खड्यावर लिंबू पिळून पाहावे. फसफसले तर तो चुनखडीचा, त्याने पाणी जड होते, तो वगळावा.

घरचा गाळणा

प्लॅस्टिकच्या लहान बरणीला वरच्या बाजूने तापल्या सुईने भोके पाडावीत. तळाशी खडीचा थर आणि त्यावर साध्या स्पंजचे तुकडे भरावेत. झाकणाला भोक पाडून बोटाएवढी नळी तळापर्यंत खाली सोडावी आणि तिच्यात हवेच्या पंपाची बारीक नळी घालावी. बुडबुडे वर जाताना पाणी ओढून नेतात आणि घाण बरणीत अडकते. जिवाणूंचे घर हेच. म्हणून स्पंज नळाखाली घासून धुवू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच महिन्याकाठी हलके पिळावा.

पंप नेहमी टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. तो खाली असला आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटे पंपात उतरते. वायर आधी खाली लोंबती सोडून मग बटणाकडे वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी बटणात जात नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी, ही सवय मुलांना लावावी. वीज बराच वेळ गेली तर तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून अधूनमधून ओतावे, हवा मिसळते. मासे थोडे असतील तर एवढ्याने निभावते.

पाणी बदलणे आणि खाद्य

सगळे पाणी कधीही बदलू नये. आठवड्याला चौथा हिस्सा काढून तेवढेच नवे भरावे. गावच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. ती जिवाणू मारते आणि माशांचे कल्लेही जाळते. म्हणून पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. बोअरचे पाणीही असेच ठेवावे, त्याला हवा लागते. काढलेले पाणी कढीपत्त्याला किंवा तुळशीला घालावे, त्यात खत असते.

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. एखादा दिवस उपास घडला तर मासा मरत नाही. कुजलेल्या खाद्याने मात्र मरतो.

आता शेतकऱ्याच्या घरचा खास धोका. फवारणीची बादली, मग किंवा नळी टाकीसाठी कदापि वापरू नये. सायपरमेथ्रीनसारख्या औषधाचा अंशही माशांना पुरेसा असतो. फवारणी करून आलेल्या माणसाने त्या दिवशी टाकीत हात घालू नये. ओसरीवर डासांचे औषध फवारले तर हवेचा पंप तीच हवा पाण्यात ओढतो, तेही टाळावे.

कोणते मासे?

पहिल्यांदा गप्पी घ्यावेत. उष्णता सोसतात, जागा थोडी लागते, आणि मादी महिन्याभराने थेट पिल्ले देते. अशा टाकीत आठ-दहा गप्पी पुरेत. हेच मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून आरोग्य खातेही ते वापरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. नवे मासे आणले की पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, थोडेथोडे टाकीचे पाणी पिशवीत मिसळावे, आणि मग मासे जाळीने उचलून सोडावेत.

कंटाळा आला तरी शोभेचे मासे ओढ्यात किंवा नदीत सोडू नयेत. जलपर्णीही शोभेची म्हणूनच आपल्या देशात आली. तिने आपल्या नद्यांचे काय केले ते आपण पाहतोच.

त्या दिवशी वाचलेला सोनेरी मासा मामाने दुकानदाराला परत केला. टाकीचे पाणी मी काढू दिले नाही. "महिनाभर रिकामी टाकी बघायची, जमेल?" असे मुलीला विचारले, तर तिने मान हलवली. आजींनीही धान्याचा विचार महिनाभर पुढे ढकलला.

दिवाळीनंतर हरभऱ्याच्या पेरणीला तिकडे गेलो. टाकीत सहा गप्पी आणि हायड्रिलाच्या आडोशाला सुईच्या टोकाएवढी पिल्ले. मुलीने वही पुढे केली. पाणी कधी बदलले, खाद्य किती घातले, सगळे तारखेनिशी लिहिलेले. एका पानावर रोजची एकच नोंद होती, "आज मासे नाहीत. पाणी तयार होत आहे."

मला विचाराल तर शेतीची निम्मी विद्या त्या नोंदीत आहे. पेरणीची घाई सगळ्यांनाच असते, जमीन तयार होईपर्यंत थांबणे फार थोड्यांना जमते. आजी आता रोज सकाळी टाकीपुढे चहा घेतात आणि म्हणतात, "साहेब, ह्यातलं एकबी मेलं न्हाई बरं का."