कापसाचे गिऱ्हाईक एकच, तेही कायद्याने!

१/ मक्तेदारी म्हटले की ईस्ट इंडिया कंपनी आठवते, नाहीतर आजच्या बलाढ्य तंत्रज्ञान कंपन्या. सेनगावच्या काळ्या मातीवर तीन दशके चाललेली मक्तेदारी मात्र विस्मरणात गेली. कारण ती सरकारची होती आणि तिच्यावर 'शेतकरीहिता'चा शिक्का होता.

२/ १९६९ साली केंद्राने मक्तेदारीविरोधी कायदा केला. दोनच वर्षांनी, १९७१ साली, महाराष्ट्राने कच्च्या कापसाचा कायदा केला आणि १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. म्हणजे मक्तेदारी भांडवलदाराची असेल तर पाप आणि शासनाची असेल तर पुण्य!

३/ हेतू खोटा नव्हता. व्यापारी व अडते मापात आणि भावात शेतकऱ्याला नाडत, हे खरेच. पण त्यावर उपाय कोणता शोधला? अनेकांची लबाडी मोडण्यासाठी एकालाच सर्वाधिकार!

४/ खरेदीदार एकच असला की भाव, प्रत आणि चुकाऱ्याची तारीख तोच ठरवतो. ग्रेडरने खालची प्रत लावली, तर गाडी वळवून न्यायची कोठे? शेजारच्या राज्यात भाव अधिक असला, तरी सीमेपार कापूस नेणे हा गुन्हा. स्वतः पिकवलेला माल चोरटा ठरला.

५/ सेनगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्यातील सुरेगाव येथे डिसेंबर १९८६ मध्ये कापसाच्या भावासाठी शेतकरी संघटनेचे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले.

६/ समर्थक म्हणतात, तेजीतला नफा मंदीत आधार देतो, म्हणून सर्वांचा कापूस एकत्र हवा. युक्तिवाद वजनदार आहे. परंतु योजना अखेर तोट्यातच रुतली. शिवाय आधार देण्यासाठी बंदी लागत नाही. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते, पण त्यासाठी इतर खरेदीदारांना हुसकावत नाही.

७/ २००२ च्या हंगामात खासगी व्यापाऱ्यांना दार उघडले. त्याच वर्षाच्या स्पर्धा कायद्याचे कलम ४ सांगते, की प्रबळ स्थानाच्या जोरावर इतरांचा बाजारप्रवेश रोखणे हा गैरवापर आहे. हे तत्त्व सुरेगावला सोळा वर्षे आधी कळले होते.

८/ म्हणून मक्तेदारीचा इतिहास वाचताना मालक कोण, एवढेच विचारून थांबू नये. भाव पटला नाही, तर शेतकऱ्याला दुसरे दार होते का, हा खरा प्रश्न आहे.