तहानेची पावणी

वैशाखातील जत्रेचा दिवस होता. पालखी देवळाभोवती फिरून सभामंडपाच्या पायऱ्यांशी आली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते, आणि वारा म्हणून नव्हता. अग्रशाळेच्या ओटीवर जेथे आमच्या आज्यापणज्यांच्या वेळेपासून पाण्याचे रांजण मांडलेले असत, तेथे या वर्षी काचेच्या दाराचे एक तांबडे कपाट उभे होते. आत थंडगार बाटल्यांची रांग, माथ्यावर पेयाचे नाव आणि त्याखाली, किंचित लहान अक्षरांत, देवीचे. माझ्याजवळ उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईने स्वयंसेवकास विचारले, "बाबा, पियेवपाक उदक खंय मेळटलें?" मुलगा भला होता. त्याने कपाटाकडे बोट दाखविले आणि अदबीने भाव सांगितला.

माझे भांडण त्या मुलाशी नाही. ज्या सभेत रांजण हलविण्याचा ठराव झाला त्या सभेशी आहे. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्या सभेत हात वर करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. कपाट फुकट मिळत होते, मंडपाच्या खर्चाचा काही भाग परस्पर भागणार होता, आणि रांजण धुण्यास माणूस मिळत नाही ही समितीची तक्रारही खरी होती. दोन मिनिटांत ठराव संमत झाला. आपण नेमके काय विकले, हे त्या बाईच्या प्रश्नाने मला कळले.

प्रथम वस्तूचाच विचार करू. उन्हात माणूस घामावाटे पाणी गमावतो, त्याबरोबर मीठही गमावतो. अशा बाटलीत मीठ नाममात्र असते. साखर मात्र शंभर मिलिलिटरला सुमारे १० ते ११ ग्रॅम. अडीचशे मिलिलिटरची एक लहान बाटली प्यालात की पंचवीसेक ग्रॅम साखर पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रौढ माणसास दिवसभरात साधारण जेवढ्या वरकड साखरेवर थांबणे बरे असे सांगितले, तेवढी ही एकाच घोटाघोटांत संपते. मग तहान भागल्यासारखी का वाटते? गारवा आणि बुडबुडे यांमुळे घशाला तृप्तीचा भास होतो. पाणी शरीरास लागू पडण्यापूर्वीच होतो. उष्ण देशांत या धंद्याची भरभराट होते ती या भासावर. थंड देशात ही चैन म्हणून विकावी लागते. आमच्याकडे वैशाख स्वतःच तिची जाहिरात करतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के आढळले आणि गोव्यात २६.४, म्हणजे साऱ्या राज्यांत अधिक. हे सर्व त्या बाटलीने केले असे मी म्हणणार नाही. असा आरोप कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. आमचे बैठे जिणे आहे, आमचा भात आहे, आमची मिठाईही आहे. परंतु ज्या घरात आग लागली आहे तेथे तेलाचा डबा घेऊन येणाऱ्यास देवाच्या ओटीवर मानाची जागा द्यावी काय, एवढाच माझा प्रश्न.

"परक्या पेयास हाकला, स्वदेशी आणा," असे काही उत्साही मित्र म्हणतात. त्यांनी १९७७ आठवावे. त्या वर्षी परकीय चलनाच्या कायद्याखालील अटी न मानता कोका कोला देशातून निघून गेली, आणि सरकारने आपल्याच कारखान्यात ‘डबल सेव्हन’ नावाचे दुसरे कोला पेय काढले. साखर तीच, बुडबुडे तेच. खासगी देशी पेयेही त्याच रिकाम्या जागेत वाढली. १९९३ साली परकी कंपनी परत आली आणि तिने त्यांतील अग्रगण्य पेयच विकत घेतले. घशात गेलेल्या साखरेला राष्ट्रीयत्व नसते.

गोमंतकीय वाचकास आणखी एक गोष्ट मौजेची वाटेल. ज्या पोर्तुगालने आपल्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले, त्याच पोर्तुगालात हे पेय १९७७ पर्यंत विकता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लिस्बनच्या एका पेढीने ते आयात करण्याचा घाट घातला आणि जाहिरातीचे वाक्य लिहावयास सांगितले फर्नांदु पेसोआ या कवीस. प्रथम परके वाटते, मग अंगात भिनते, अशा आशयाचे ते वाक्य होते. तेथील आरोग्याधिकारी रिकार्दु जॉर्ज यांनी त्यावर केलेला युक्तिवाद सांगितला जातो तो असा : पेयात कोका असेल तर ते विष म्हणून विकता येणार नाही, नसेल तर ते नाव लावणे ही फसवणूक आहे, आणि अंगात भिनते हे तर विक्रेताच कबूल करतो. गिऱ्हाईक वश करण्यासाठी लिहिलेले वाक्य आरोपपत्रात जाऊन बसले. वकिलास असा कबुलीजबाब क्वचितच लाभतो. मला त्या राजवटीचे कौतुक करावयाचे नाही. सालाझारशाहीने पुढे किती गोष्टी बंद केल्या त्याची मोजदाद नाही. पण जे अंगात भिनते ते दारातच तपासावे, हे त्या आरोग्याधिकाऱ्याचे शहाणपण मात्र घेण्यासारखे आहे.

आता आमचा स्वतःचा धर्म. अक्षय्य तृतीयेस उदककुंभ दान करणारे आपण लोक. धर्मशास्त्राने विहीर, तळे आणि प्रपा, म्हणजे पाणपोई, यांना पूर्तकर्मांत स्थान दिले. पूर्ताचे वैशिष्ट्य हे की त्याचा लाभ कोणास मिळतो हे दाता विचारीत नाही. पाणपोईवर भाव नसतो, म्हणूनच ती पाणपोई. ओटीवरचा रांजण ही देवस्थानाची मालमत्ता नव्हती. तहानलेल्याचे ते देवस्थानावरील येणे होते. येणे असलेली वस्तू पावणीस काढण्याचा अधिकार समितीस कोणी दिला?

यावर आक्षेप येईल की रामनवमीचे पानक आणि चैत्रातले पन्हे यांतही गूळसाखर असतेच. असते. परंतु ते वाटीभर असते, वर्षातून एकदोनदा असते, आणि ते अधिक प्यावे म्हणून कोणी फलक लावीत नाही. शिवाय आमच्या कुळागरांत वैशाखातच भिरंडे पिकतात, आणि पावसाच्या पहिल्या सरीत त्यांतली कितीतरी झाडाखाली कुजून जातात. आगळाचे चार थेंब, चिमूटभर मीठ आणि थंड पाणी, याहून घामाच्या दिवसास योग्य पेय कोणते? ते आम्हांस मागासलेले वाटू लागले आहे. ह्या लाजेचा पुरवठा मात्र कोणत्याही कंपनीने केलेला नाही. ती आमची घरची आहे.

बंदी घाला असे माझे म्हणणे नाही. जत्रेच्या फेरीत बाटली विकणारा दुकानदार पोटासाठी विकतो. त्याने जागेची पावणी घ्यावी आणि खुशाल विकावी. शासनानेही सप्टेंबर २०२५ पासून ह्या गोड बुडबुड्यांवर ४० टक्के कर बसविला आहे. देवस्थानाने त्याहून कडक व्हावे अशी माझी अपेक्षा नाही. परंतु फेरी वेगळी आणि अग्रशाळेची ओटी वेगळी. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने समिती निवडण्याचा हक्क महाजनांस दिला आहे. समितीस जाब विचारणे हे त्याच हक्काचे दुसरे अंग. मामलेदाराकडे अर्ज करण्याची पाळी येऊ नये, असे मनापासून वाटते.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी तीन ओळींचा ठराव मांडणार आहे. ओटीवरील जागा कोणत्याही पावणीत काढू नये. देवीचे नाव कोणत्याही मालाच्या नावाखाली वा शेजारी लिहू नये. आणि जत्रेच्या सर्व दिवशी रांजण भरलेले असावेत. ते धुण्यास माणूस मिळत नसेल तर पहिल्या दिवसाची पाळी माझ्या नावे लिहावी.