एरियन ५: न घेतलेली परीक्षा

१/ ४ जून १९९६. फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचा नवा अग्निबाण एरियन ५ प्रथमच झेपावला. सुमारे ४० सेकंदांत त्याने मार्ग सोडला आणि आकाशातच त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. क्लस्टर मोहिमेचे चारही उपग्रह त्याच्यासोबत नष्ट झाले.

२/ ही कथा बहुधा एका वाक्यात सांगितली जाते: मोठा आकडा लहान जागेत मावला नाही. वाक्य खरे आहे, पण अपुरे. माझ्या मते खरा दोष न घेतलेल्या परीक्षेचा होता.

३/ अग्निबाणाची स्थिती व गती मोजणाऱ्या यंत्रणेचा प्रोग्राम एरियन ४ वरून घेतलेला होता. क्षैतिज वेगाशी निगडित एक ६४ बिटांची संख्या तो १६ बिटांत बसवीत असे. तेथील कमाल मर्यादा ३२,७६७. एरियन ४ च्या मार्गावर ती पुरेशी होती. एरियन ५ चा क्षैतिज वेग मात्र फार लवकर वाढला.

४/ राखीव यंत्रणाही होती. पण तिच्यातही तोच प्रोग्राम! ती मुख्य यंत्रणेच्या क्षणभर आधीच बंद पडली. विशेष म्हणजे, एरियन ५ ला उड्डाणानंतर त्या गणिताची गरजच नव्हती.

५/ गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी मंडळाने नेमके बोट ठेवले. ही यंत्रणा एरियन ५ च्या मार्गावर तपासलीच नव्हती. संपूर्ण प्रणालीच्या चाचण्यांत तिच्या जागी तिची नक्कल बसवली होती. अपघातानंतर तोच प्रोग्राम प्रत्यक्ष उड्डाणाच्या माहितीवर चालवला, तेव्हा तीच घटनामालिका संगणकावर पुन्हा घडली.

६/ युनिट टेस्ट एकेक घटक तपासते. इंटिग्रेशन टेस्ट घटकांचे सांधे तपासते. एरियन ५ सांध्यावर निखळला.

७/ १९९७ मध्ये केंट बेक व एरिक गामा यांनी जावासाठी जेयुनिट लिहिले. प्रत्येक बदलानंतर सर्व चाचण्या आपोआप चालवणे पुढे नित्याचे झाले. तरीही स्वयंचलित चाचणी म्हणजे ताईत नव्हे. जुन्याच मार्गाची चाचणी हजार वेळा चालवली असती, तरी हजार वेळा ‘उत्तीर्ण’ हाच शेरा मिळाला असता.

८/ यंत्र प्रश्न न थकता पुन्हा पुन्हा विचारते. कोणता प्रश्न विचारायचा, हे माणसानेच ठरवायचे असते. जुने यश हा पुरावा खरा, पण तो त्या परिस्थितीपुरताच. इतिहासाच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको.