फोटोतला मुलगा पुन्हा येत नाही

पिंपरी, भोसरी, चाकण भागात कंपन्यांतील अधिकारी, निवृत्त शिक्षक, कॉलेजचे तरुण सुटीच्या दिवशी वस्तीतल्या मुलांना वेळ देतात. कोणाची शाळा सुटलेली असते, कोणाला गुटख्याची सवय लागलेली असते, तर कोणाचे नाव मारामारीच्या गुन्ह्यात आलेले असते. अशा मुलाला हक्काचा एखादा दादा किंवा ताई मिळाली, तर गोळ्या-औषधांनी होत नाही ते काम होते.

परंतु वर्ष संपले की समारंभ होतो. व्यासपीठ, पाहुणे, नारळ, गुलाबपुष्प! आणि मग 'व्यसनातून बाहेर पडलेली मुले' म्हणून पोरांना रांगेत उभे करून फोटो काढतात. तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, कंपनीच्या अहवालात जातो, कधी वर्तमानपत्रातही येतो. संयोजकांच्या मनात काही वाईट नसते. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईला मात्र नळावर शेजारीण विचारते, "तुमचा पण त्यात होता का हो?" तो मुलगा पुढच्या रविवारी येत नाही. आला तरी तोंड उघडत नाही.

गुप्तरोगाचा रुग्ण घराजवळचा दवाखाना सोडून दोन गावे पलीकडे का जातो, हे आम्हा डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. बोभाटा होण्याच्या भीतीने माणूस आजार अंगावर काढतो. सोळा वर्षांच्या पोराला ही भीती दुप्पट असते.

ज्या मुलाची बाल न्याय मंडळापुढे चौकशी झाली, त्याच्याबाबत कायदा स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार त्याचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. डोळ्यांवर काळी पट्टी मारून शाळेचा बिल्ला तसाच ठेवला, तर ती पट्टी कशासाठी? (वर्तमानपत्रांनीही हे ध्यानात ठेवावे. त्यात आपलेही आले.)

याच कलमात आणखी एक तरतूद आहे. प्रकरण निकाली निघाले असेल, तर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी त्या मुलाची जुनी नोंद उघड करायची नाही. आपल्या पट्ट्यात याला फार मोल आहे. इथे ठेकेदारामार्फत कामाला लागायचे तरी असा दाखला मागितला जातो. पोलिसांनी जे सांगायचे नाही, ते आपण सत्काराच्या फोटोखाली छापून मोकळे होतो!

देणगीदार कंपन्यांना पुरावा हवा असतो, हे खरे. त्यांना आकडे द्यावेत. किती मुले आली, किती टिकली, किती पुन्हा शाळेत गेली. चेहरे कशाला? मुलांच्या वहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा आणि नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवावी. मुलाशी बोलायला बसावे ते लोकांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. शाळेचा व्हरांडा उत्तम.

पालक विचारतात, "आमच्यापासून काय लपवता?" मुलगा येतो, सुरक्षित आहे, एवढे त्यांना जरूर कळावे. त्याचा प्रत्येक शब्द त्यांच्या कानी घालू नये. मात्र काही गोष्टी पोटात ठेवता येणार नाहीत, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. आणि मुलगा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. घरच्यांना कळवावे, डॉक्टरकडे न्यावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन लागतो.