‘पासवर्ड बदला’ हे उत्तर नव्हे

परवा कुंभकोणम्‌जवळच्या पट्टीश्वरम् येथे होतो. धेनुपुरीश्वराच्या देवळातून बाहेर पडताना एका मित्राने मोबाइलवर त्याच्या संशोधन संस्थेचे परिपत्रक पाठवले. तांत्रिक कारणास्तव ईमेल सेवा दोन दिवस बंद होती. सर्वांनी पासवर्ड तातडीने बदलावेत. अनोळखी लिंकवर क्लिक करू नये. सर्व्हरवर नेमके काय घडले, कोणाची पत्रे कोणाच्या हाती लागली, याविषयी एक अक्षरही नाही. अशी परिपत्रके मी पीएच.डी.च्या दिवसांपासून वाचत आलो आहे. त्यांत दोष नेहमी वापरणाऱ्याचा असतो, सर्व्हर चालवणाऱ्याचा कधीच नसतो.

हा समज किती खोटा आहे, हे दाखवायला २०२२ हे एकच वर्ष पुरेसे आहे.

विद्यापीठे आणि सरकारी कार्यालयांत जगभर वापरल्या जाणाऱ्या झिंब्रा या ईमेल सर्व्हरमध्ये जुनी टपालपेटी आयात करण्याची सोय आहे. तिला झिप फाइल द्यायची. ती उलगडून आतील मजकूर जागेवर ठेवते. मात्र झिपमधील फाइलच्या नावातच ‘वरच्या फोल्डरात जा’ अशा खुणा पेरल्या, तर फाइल भलत्याच जागी, थेट वेबसर्व्हरच्या फोल्डरात जाऊन पडे. तेथे पडलेली फाइल म्हणजे हल्लेखोराच्या आज्ञा पाळणारा प्रोग्रॅम. हा दोष (सीव्हीई-२०२२-२७९२५) मार्चमध्ये दुरुस्त केल्याचे मानले गेले आणि त्याचा धोकाही मर्यादित समजला गेला. कारण ही सोय वापरायला प्रशासकाचे लॉगिन लागते, अशी सर्वांची समजूत होती.

ऑगस्टमध्ये व्होलेक्सिटी या सुरक्षा संस्थेने दाखवून दिले की लॉगिन लागतच नव्हते. विनंती करणाऱ्याची ओळख पटली नाही, तर प्रोग्रॅम ‘परवानगी नाही’ असा संदेश पाठवी आणि पुढचे काम तसेच चालू ठेवी. नकारानंतर थांबण्याची आज्ञाच लिहायची राहून गेली होती. आमच्या प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचे तर नकाराचा दिवा लागत होता, पण त्याची तार नोंदणी थांबवणाऱ्या यंत्राला जोडलेलीच नव्हती. या दुसऱ्या दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०२२-३७०४२. जगभरातील हजाराहून अधिक सर्व्हरांवर मागची दारे बसवलेली आढळली.

पट्टीश्वरम्‌च्या देवळातील नंदी गाभाऱ्याच्या सरळ रेषेत नाहीत, किंचित बाजूला आहेत. बालसंत ज्ञानसंबंधर मोत्यांच्या मांडवाखालून येत असताना शिवाला तो दिसावा, म्हणून देवाने त्यांना सरकायला सांगितले, अशी कथा आहे. ते नंदी निदान धन्याच्या शब्दावरून सरकले. येथे कोणी न सांगताच पहारेकरी बाजूला झाला होता.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरातील प्रकरण भारताशी थेट निगडित आहे. आलेल्या ईमेलमधील जोडपत्रे तपासण्यासाठी झिंब्रा ‘अमाव्हिस’ हा तपासनीस वापरते. संकुचित फाइल उघडण्यासाठी तो काही सर्व्हरांवर ‘सीपीआयओ’ नावाच्या जुन्या साधनाची मदत घेई, आणि त्या साधनातील दोष २०१५ पासून ज्ञात होता. हल्लेखोराने फक्त एक पत्र पाठवायचे. ते कोणी उघडले नाही, वाचलेही नाही, तरी तपासणी करता करता तपासनीसच घातक फाइल वेबसर्व्हरच्या फोल्डरात नेऊन ठेवी. कॅस्परस्कीच्या अभ्यासानुसार हल्ल्याची पहिली लाट प्रामुख्याने भारतातील आणि काही प्रमाणात तुर्कस्तानातील सर्व्हरांवर होती. येथे ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नये’ या उपदेशाचा काय उपयोग? पासवर्ड चाळीस अक्षरांचा असता तरी काय फरक पडला असता? बॅक्टेरियाच्या संसर्गाला भूकंपाचे नियम सांगण्यासारखेच ते आहे.

आता दुसरे सांत्वन पुढे येते आहे: स्वदेशी. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या तमिळनाडूच्या झोहोच्या व्यवस्थेवर गेल्याच्या बातम्या आल्या आणि समाजमाध्यमांवर जणू किल्ला सर झाला. देशी कंपनीने असे काम पेलावे, याचा मलाही आनंद आहे. पण सुरक्षिततेला राष्ट्रीयत्व नसते. २०२१ मध्ये झोहोच्याच मॅनेजइंजिन विभागाच्या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये (ईमेलमध्ये नव्हे, हे न्यायाने सांगतो) अगदी हीच जोडी सापडली होती: ओळख न पटवता आत शिरणे आणि प्रमाणपत्राच्या वेषात फाइल चढवणे. कंपनीने दुरुस्ती काढली, सूचना प्रसिद्ध केली. ते उत्तमच केले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजचीही तीच गत झाली होती. चूक अमेरिकेतही होते आणि चेन्नईतही. खरा भेद चूक उघड करणारे आणि ती झाकणारे यांच्यात आहे.

झाकण्यात आपल्या संस्था पारंगत आहेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. परंतु ते कळवणे सर्ट-इनला. ज्याची पत्रे गेली, त्या विद्यार्थ्याला नव्हे. त्या पेट्यांत काय असते? अप्रकाशित मोजमापे, समीक्षकांचे गोपनीय अभिप्राय, शिफारसपत्रे, एखाद्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकाविरुद्ध केलेली तक्रार. ही शेवटची गोष्ट परक्याच्या हाती पडली, तर पासवर्ड बदलून ती परत येत नाही.

सर्व्हर सांभाळणारा माणूस बहुधा कंत्राटी असतो, हे मला माहीत आहे. ‘दुरुस्तीसाठी रात्री दोन तास सेवा बंद ठेवतो’ एवढे म्हणण्याचाही अधिकार त्याला नसतो. कारण संचालकांचे पत्र अडकते. माझा राग त्याच्यावर नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार डेटा फुटल्यास बाधित व्यक्तीला कळवणे बंधनकारक आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले; मात्र ही जबाबदारी अंमलात येण्यास १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर विचारण्यास कोणाचीही मनाई नाही. मित्राला मी चार प्रश्न लिहून दिले: कोणती आवृत्ती चालू होती, दुरुस्ती केव्हा उपलब्ध झाली, ती केव्हा बसवली, आणि मधल्या दिवसांच्या नोंदी कोणी तपासल्या. त्याने ते संस्थेला ईमेलने पाठवले आहेत. उत्तरादाखल त्याला तेच परिपत्रक पुन्हा आले.